न झिजणारे फ्रेट

१

गुरुवारी भोरला लाईट नसते. सकाळी दहाला जाते ती साडेचार-पाचपर्यंत येत नाही, आणि रियाज मुलाणीचा आठवडा त्याच बेताने बसलेला होता. लाकूड कापणं, रंधा मारणं, मशीनवर घासणं हे इतर दिवशी. गुरुवारी फक्त हाताचं काम. गिटार बनवणाऱ्यासाठी हाताचं काम म्हणजे मुख्यतः फ्रेट बसवणं. गिटारच्या दांडीवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या ठोकलेल्या असतात, ते फ्रेट. तार दाबली की ती ज्या पट्टीला टेकते, तिथून सूर ठरतो.

भाटघरच्या रस्त्याला रियाजचं घर होतं आणि घरामागे पत्र्याची शेड. त्याआधी अकरा वर्षं तो वरव्याकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. गिटार त्याने तोवर हातातही घेतली नव्हती. एक दिवस शाळेत शिकवणारी एक मुलगी गिटारची तुटलेली खुंटी घेऊन त्याच्या दारात आली आणि म्हणाली, पुण्याला पाठवलं तर महिना लागेल, तुम्ही स्टीलची करून द्याल का. ती फिजा. खुंटी झाली, मग तारा ज्यावर टेकतात ती घोडी झाली, मग निकाह झाला, आणि पुढे नोकरी सोडून रियाज गिटारच बनवायला लागला.

फिजा रोज वाजवायची. तिच्या गिटारचे फ्रेट नेहमीच्या जर्मन सिल्व्हरचे होते. तो धातू मऊ. वाजवून वाजवून तारेखाली खाचा पडतात आणि तार करकरायला लागते. दर दोन वर्षांनी रियाजला ते उपटून नवे बसवावे लागत. ती म्हणायची, एकदाचे स्टीलचे घाल ना, म्हणजे आयुष्यभर बघायला नको. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात. स्टील हत्यारं खातं. कटरच्या तोंडाचे टवके उडतात, कानस बोथट होते, वाकवलेली पट्टी पुन्हा सरळ होऊ बघते. टूलरूमचा माणूस असूनही त्याला त्याचा कंटाळा होता. पुढचा महिना, पुढचा महिना करत चार वर्षं गेली. मग एका श्रावणात फिजाला डेंग्यू झाला. पुण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, घरी गेलो की स्टीलचं बघू हं. पाचव्या दिवशी ती गेली.

त्याला आता दोन वर्षं झाली होती.

आणि या दिवाळीनंतर सोनिया रेणुसे आली. राजगडाखालच्या पालीची मुलगी, फिजाची विद्यार्थिनी. गडावर येणारे ट्रेकर तिच्या वडिलांच्या घरी उतरायचे आणि संध्याकाळी अंगणात सोनिया त्यांना गाणी म्हणून दाखवायची. तिला नवी गिटार हवी होती. फ्रेट कसले घालू असं रियाजने सवयीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “स्टीलचेच घाला काका. मॅडम नेहमी म्हणायच्या.”

रियाज तिला नाही म्हणू शकला नाही.

वीस फ्रेट बसवायला त्याला तीन गुरुवार लागले. एक कटर कायमचा गेला. कापलेल्या पट्टीचं टोक उडून गालाला लागलं. पण शेवटी पॉलिश झालं तेव्हा दांडीवर जणू वीस बारीक आरसे आडवे ठेवले होते. त्याने तारा चढवल्या, सूर लावला आणि गिटार भिंतीच्या आकड्याला अडकवून ठेवली. सोनिया सुट्ट्यांचा मोसम संपल्यावर न्यायला येणार होती.

२

पुढच्या गुरुवारी तो दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेला, येताना कब्रस्तानात थोडा थांबला आणि तीनच्या सुमाराला शेडमध्ये आला. नवी दांडी तारांच्या ओढीने वाकली तर नाही ना, हे बघायला त्याने गिटार खाली घेतली. बोट सवयीने फ्रेटवरून फिरलं. तिसऱ्या फ्रेटवर नख अडकलं.

भिंग लावून पाहिलं तर पाचव्या तारेखाली एक खाच होती. केसाएवढी बारीक, पण खाच.

कानशीचा ओरखडा राहिला असेल, त्याला वाटलं. पण कानशीचा ओरखडा कडक असतो, त्याला कडा असतात. ही खाच गुळगुळीत होती, पायरीचा दगड मध्ये झिजतो तशी. त्याने तो फ्रेट काढला, नवा ठोकला, पॉलिश केला, आणि बोट फिरवून खात्री केली. चूक आपलीच, असं म्हणून विषय सोडून दिला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ती खाच परत तिथेच होती. आता दुसऱ्या फ्रेटवरही एक होती, आणि पहिल्यावरही.

रियाज स्टुलावर बसून राहिला. जर्मन सिल्व्हरवर अशी खाच पडायला रोज दोन-दोन तास वाजवून वर्ष लागतं. ही गिटार आठवडाभर आकड्याला होती. शेडची किल्ली एक त्याच्या खिशात आणि एक थोरल्या बहिणीकडे, खुर्शिदाआपाकडे. आपा समोरच्या आळीत राहायची आणि त्याचा जेवणाचा डबा आणून द्यायची. त्याने तिला विचारलं, कुणाला आत सोडलं होतंस का. तिने उलट विचारलं, तुझ्या त्या लाकडाच्या धुळीत कोण कशाला जाईल.

मग फ्रेटची तारच खोटी आली असणार. स्टील म्हणून भलतंच काही गळ्यात मारलं असणार. त्याला ते पटलं, आणि पटल्यामुळे बरंही वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तारेचा तुकडा आणि आधी उपटलेला तो तिसरा फ्रेट कागदात गुंडाळून तो वरव्याला गेला. टूलरूममध्ये अजून धनाजी होता. एका मशीनवर दोघांनी सहा वर्षं पाळ्या केल्या होत्या. धनाजीने काही न विचारता तुकडा शिकंज्यात धरला, वरून कानस मारली. कानस घसरली. मग कडकपणा मोजायच्या यंत्राखाली ठेवला, आकडा पाहिला आणि परत एकदा मोजला.

“ह्ये इस्टीलच हाय रियाजभाई, आन लई चांगलं हाय,” तो म्हणाला. “कुनी फसवलं न्हाई तुमाला.”

रियाजने मग फ्रेट पुढे केला. धनाजीने तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, भिंगातून बराच वेळ पाहिलं, अंगठा फिरवला. कशाने केलं, त्याने विचारलं. रियाज म्हणाला, तारेने. गिटारच्या तारेने, बोटाने दाबून.

धनाजी हसला नाही. रियाजला वाटलं होतं तो हसेल.

“बोटानं व्हय,” तो म्हणाला. “मंग ह्ये मानसाच्या जल्मात व्हनारं काम न्हाई.” फ्रेट कागदात परत गुंडाळून त्याने रियाजच्या हातात दिला, आणि चहा सांगतो म्हणाला. चहा पिताना तो सगळं बोलला, पोरीच्या लग्नाचं, कारखान्याचं. फ्रेटचं नाव त्याने परत काढलं नाही.

४

घरी कपाटात एका वहीत फिजाच्या गिटारचे जुने फ्रेट होते. दर वेळी उपटलेले फ्रेट रियाज चिकटपट्टीवर ओळीने लावून ठेवायचा, म्हणजे कुठे किती झीज झाली ते कळतं. ती धंद्याची रीत होती. फिजा गेल्यावर ती वही त्याने उघडली नव्हती.

आता उघडली. तिसऱ्या फ्रेटवर पाचव्या तारेखालची खाच तिरपी होती.

ती का तिरपी आहे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. फिजाच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी अब्बांच्या टेम्पोच्या दारात सापडून ते गेलं होतं. जिथे सगळे अनामिका ठेवतात तिथे ती करंगळी ताणून ठेवायची, आणि करंगळी कमजोर म्हणून तार खाली दाबण्याऐवजी बाजूला ओढली जायची. त्यामुळे खाच सरळ न पडता तिरपी आणि रुंद पडायची. जगात लाखो लोक गिटार वाजवतात, पण अशी खाच रियाजने दुसऱ्या कुठल्याच गिटारवर पाहिली नव्हती.

त्याने नव्या गिटारवरचे तिन्ही फ्रेट खिडकीशी धरून पाहिले. मग वहीतले पाहिले. मग परत नवे. तिसऱ्यावरची खाच तशीच तिरपी होती.

बाहेर आपा अंगणात डबा घेऊन उभी होती. काय बघतोयस एवढं, तिने विचारलं. त्याने वही मिटली आणि काही नाही म्हणाला. आपाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा ओट्यावर ठेवून ती तिथेच बसली. म्हणाली, तिचं सामान आता कुणाला तरी देऊन टाक. रियाजने मान हलवली. त्या मान हलवण्याचा काय अर्थ होता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

५

खरं तर माणसाने इथे घाबरायला हवं होतं. रियाज घाबरला नाही, आणि आपण घाबरत नाही हीच गोष्ट त्याला मधूनच खटकायची.

उलट तो गुरुवारची वाट पाहायला लागला. झीज फक्त गुरुवारीच होते, दुपारीच होते, आणि शेडमध्ये कुणी नसलं की होते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तसं का असावं, याचा त्याने फार विचार केला नाही. फिजाची शाळा सकाळची होती. दुपारी दोन ते चार ती वाजवायची, आणि इतर दिवशी शेडमध्ये मशीनची घरघर असायची म्हणून गुरुवारी जास्त वाजवायची. एवढं त्याला पुरेसं होतं.

आता तो गुरुवारी सकाळी शेड झाडायचा. गिटार आकड्यावरून काढून कामाच्या टेबलावर, जाड लोकरी कापडावर ठेवायचा. तारा जुनाट वाटल्या तर बदलायचा. मग दाराला कुलूप लावून बाहेर पडायचा. एखाद्या घरात लाजाळू पाहुणा आला असावा आणि त्याला मोकळेपणा मिळावा म्हणून घरच्यांनी उगाच बाजारात जावं, तसं. नीरेच्या घाटावर जाऊन बसायचा. कब्रस्तानात मात्र जायचा बंद झाला होता. तिथे जाऊन कुणाला भेटायचं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

परत आला की भिंग घेऊन बसायचा. आज कुठे बोट ठेवलं, आज नवीन काय. एका गुरुवारी सातव्या फ्रेटवर खाच आली तेव्हा त्याला तिचं जुनं वेड आठवलं. एक सुरावट होती तिची, स्वतः बांधलेली, तीन-चार ओळींची. दुसऱ्या सुरावरून तिसऱ्यावर जाताना करंगळी पोचायला तिला नेहमी अर्धी मात्रा उशीर व्हायचा. ती सुरावट सातव्या फ्रेटवर संपायची. रियाज शेडमध्ये काम करता करता ती अर्धी मात्रा थांबायचा. हातोडी उचललेली असली तरी थांबायचा. ती पोचली की मगच ठोका मारायचा.

पण खाचा खोल होत चालल्या होत्या. पौष लागेपर्यंत तिसरा फ्रेट पाचव्या तारेखाली अर्ध्याहून अधिक खाल्ला गेला होता. फिजाचा हात हलका होता. तिने जर्मन सिल्व्हरही कधी एवढं खोल केलं नव्हतं. एवढा जोर कशाला लावत असेल ती? आवाज येत नाही म्हणून माणूस जोर लावतो. वाजवतोय, वाजवतोय, आणि ऐकूच येत नाही. मग अजून दाबतो.

हे मनात आल्यावर रियाज भिंग खाली ठेवून बाहेर गेला आणि नळाखाली हात धरून बराच वेळ उभा राहिला.

६

सोनिया न सांगता आली. त्या दिवशी गुरुवारच होता. ती नसरापूरवरून एसटीने आली होती आणि रियाज नुकताच घाटाकडे निघत होता. त्याने तिला टाळायचा प्रयत्न केला, काम राहिलंय म्हणाला, पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. ते शब्द तोंडून गेल्यावर त्याचा त्यालाच चटका बसला. सोनिया म्हणाली, नेत नाही काका, नुसती बघते. एवढ्या लांबून आलेय.

दुपारचे दोन वाजून गेले होते. तिने टेबलावरची गिटार उचलून मांडीवर घेतली. रियाज दारात उभा राहिला. तिने खाचा पाहिल्या असतील तर त्याबद्दल काही म्हटलं नाही. डावा हात दांडीवर ठेवला, उजव्या हाताने तारा छेडल्या. सूर स्वच्छ आला. ती हसली. तिने दुसरा सूर धरला.

मग तिचं हसू गेलं. उजवा हात थांबला, डावा तसाच राहिला. ती डाव्या हाताकडे एखाद्या परक्याच्या हाताकडे पाहावं तशी पाहत होती. तिची बोटं तारांवर पांढरी पडत चालली होती. रियाज पुढे झाला आणि त्याने तिचं मनगट धरून हात ओढला. तो सहज सुटला नाही. सुटला तेव्हा गिटार तिच्या मांडीवर आडवी झाली आणि सगळ्या तारा एकदम झणझणल्या.

तिच्या करंगळीच्या टोकाला रक्त आलं होतं. रियाजने तिला नळावर नेलं, फडकं बांधलं, पाणी दिलं. ती रडली नाही. ओट्यावर बसून बोटाकडे पाहत राहिली.

“काका, वरून कुणीतरी दाबत होतं,” ती शेवटी म्हणाली. “राग नव्हता त्यात. शोधत होतं. हा हात कुणाचा आहे ते चाचपून बघितल्यासारखं.” मग बोटावरचं फडकं सारखं करून म्हणाली, “माझा नको होता.”

रियाजने तिला एसटी स्टँडवर सोडलं. वाटेत त्याने तिला दुसरी गिटार बनवून द्यायचं कबूल केलं, साध्या फ्रेटची. गाडीत चढताना तिने विचारलं, ती तुम्ही मोडून टाकणार ना? तो हो म्हणाला.

७

मोडायचीच, असं ठरवून तो पुढच्या गुरुवारी शेडमध्ये गेला. पोरीचं रक्त निघालं होतं. उद्या आणखी कुणाचं निघालं तर? फ्रेट उपटले की ती नुसती लाकडाची पेटी. त्याने पक्कड घेतली, तिसऱ्या फ्रेटच्या कडेला लावली. हात थांबला. एकदा, त्याने स्वतःशी म्हटलं. एकदा समोर बसून बघू, आणि मग काढू.

तो नमाजला गेला नाही. दार आतून लावलं. गिटार कापडावर उताणी ठेवली आणि चार हात लांब स्टूल घेऊन बसला. वरचे पत्रे उन्हाने अधूनमधून कडकड करत होते. कुठेतरी नळावर कपडे आपटण्याचा आवाज होता. खिडकीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर येऊन दांडीवर चढत होती आणि एकेक फ्रेट लखलखत होता.

दोनच्या पुढे थोडं झालं असेल. पाचवी तार खाली गेली.

फारच थोडी गेली, कागदाच्या जाडीएवढी. तार स्टीलला टेकल्याचा बारीक टिक् आवाज आला. मग दुसरी तार, मग चौथी. टिक्, टिक्. वर आल्या. पुन्हा खाली गेल्या, दुसऱ्या जागी. सूर नव्हताच. रियाज ऐकत राहिला, आणि काय चाललंय ते त्याला कळलं. हात एकच होता. दाबणारा. छेडायला हात नव्हता.

ती इतके आठवडे एका हाताने वाजवत होती.

तो कधी उठला ते त्याला कळलं नाही. टेबलाशी उभा राहून त्याने उजवा हात गिटारच्या भोकावर नेला आणि अंगठ्याने तारा छेडल्या.

सूर शेडभर भरला. खालच्या तारा थरारल्या, जणू कुणी दचकलं. मग दुसरा सूर धरला गेला, आणि त्याने परत छेडलं. मग तिसऱ्या सुराची वेळ आली आणि तार दबली नाही. रियाजचा हात हवेत थांबला. अर्धी मात्रा. मग करंगळीची तार बाजूला ओढली गेली, तिरपी, आणि त्याने छेडलं.

किती वेळ हे चाललं ते सांगता येत नाही. ती सुरावट सातव्या फ्रेटवर संपायची आणि पुन्हा सुरू व्हायची. रियाजच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने मान खाली घातली होती आणि नजर तिसऱ्या फ्रेटवर होती, कारण तारेवर काहीच दिसत नव्हतं. पण तो फ्रेट आरशासारखा पॉलिश केलेला होता. ऊन बरोबर त्याच्यावर आलं तेव्हा त्या गवताच्या काडीएवढ्या चकाकीत त्याला तारांचं प्रतिबिंब दिसलं, आणि तारांच्या वर बोटं. चार. त्यातलं एक आखूड. एकाही बोटाला नख नव्हतं, आणि तार दाबून दाबून टोकं सपाट झालेली होती.

तो मागे सरला नाही.

“स्टीलचे घातलेत,” तो म्हणाला. “मला उशीर झाला, फिजा.”

सगळ्या तारा एकदम वर आल्या. शेड गप्प झाली. नळावरचा आवाजही थांबला होता. रियाजला वाटलं, गेली. बोलायला नको होतं. आणि गेली या विचाराने त्याचा जीव एवढा कासावीस झाला की सोनियाचं बोट, पक्कड, ठरवलेलं सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं. त्याने डावा हात पुढे केला आणि दांडीवर ठेवला, चारही बोटं तारांवर, जिथे खाचा होत्या तिथे.

आधी गारवा आला. मग वजन. चाचपलं गेलं, एकेका बोटाला, पेराला, नखाला. आणि मग दाब यायला लागला, हळूहळू. तार कातडीत रुतली, कातडीतून आत गेली. रियाजने दात आवळले. हात काढायचा का, असं त्याने स्वतःला एकदा विचारलं. दोन वर्षांत कुणी त्याचा हात धरला नव्हता.

डोक्यावरचा पंखा करकरत फिरायला लागला तेव्हा त्याने वर पाहिलं. लाईट आली होती. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते. खिडकीतलं ऊन केव्हाच गेलं होतं, आणि त्याचा हात दांडीवर एकटा होता.

८

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तारेने कापलंय म्हणून पट्टी बांधली आणि आठ दिवसांत भरून येईल असं सांगितलं. चार बोटांच्या टोकांवर चार आडव्या खाचा होत्या, करंगळीवरची तिरपी. रक्त थांबलं, कड सुकली. खाचा भरल्या नाहीत.

त्यानंतरच्या गुरुवारी गिटार टेबलावर ठेवून रियाज समोर बसून राहिला. एकही तार हलली नाही. पाच वाजता पंखा फिरला, त्याने भिंगातून वीसच्या वीस फ्रेट पाहिले. नवीन काही नव्हतं. सारी दुपार अशी कोरडी गेली याचं त्याला एवढं वाईट वाटलं की तो जेवलाही नाही. हात धुताना पाणी झोंबलं, तेव्हा त्याने पट्टी सोडून पाहिलं. बोटांवरच्या खाचा सकाळपेक्षा खोल होत्या.

तो मोरीवर तसाच उभा राहिला, आणि आपाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने हात घाईने टॉवेलात घेतला. त्याला आनंद झाला होता.

माघात सोनियाची दुसरी गिटार तयार झाली. उजव्या हाताने आणि पकडीने सगळं करावं लागलं, म्हणून वेळ लागला. तिने ती वाजवून पाहिली, छान आहे म्हणाली, आणि त्याच्या डाव्या हातातल्या हातमोज्याकडे पाहून काही विचारलं नाही. जाताना ती त्याच्या पाया पडली. एवढ्या वर्षांत ती कधी पडली नव्हती.

आपाने मात्र विचारलं. एकदा जेवण वाढताना तिने त्याचा हात पकडला आणि मोजा ओढून काढला. पाहिलं, आणि मोजा तसाच परत चढवला. तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. म्हणाली, येत्या गुरुवारी माझ्याबरोबर नसरापूरला चल, माझ्या पोरीकडे, दोन दिवस राहू. रियाज म्हणाला, तू हो पुढे, मी संध्याकाळी येतो. आपा म्हणाली, तू येणार नाहीस.

स्टील झिजवायला फिजाला दोन महिने लागले होते. कातडी त्या मानाने मऊ.

गुरुवारी आपा सकाळच्या गाडीने गेली. रियाजने शेड झाडली. गिटार आकड्यालाच राहू दिली, तिचं आता काम नव्हतं. दार आतून लावून तो टेबलाशी बसला, मोजा काढला आणि डावा हात लोकरी कापडावर उताणा ठेवला. अनामिकेच्या खाचेत आतलं पांढरं हाड दिसायला लागलं होतं. दोन वाजायला आले तशी त्याने बोटं थोडी फाकवली, तिला जागा शोधत बसावं लागू नये म्हणून.